दिवसाचा प्रकाश आणि मनाची उभारी

आपल्या घरांतून एक शब्द फार सहज वापरला जातो. तो म्हणजे 'आळशी'. मुलगा सकाळी लवकर उठत नाही, तो आळशी. सून दुपारी पेंगते, ती आळशी. रात्रपाळी करून आलेला माणूस घरात चिडचिड करतो, तर तो डोक्याने गरम. विद्यार्थी पुस्तक उघडून बसतो पण एकच ओळ चार वेळा वाचतो, तर त्याचे मन अभ्यासात नाही. एकदा असा शिक्का बसला की त्यामागे काही कारण असू शकेल हा विचारच थांबतो. वास्तविक शरीराची तरतरी आणि मनाची उभारी या गोष्टी केवळ स्वभावावर अवलंबून नसतात. त्यांचा संबंध झोपेशी आहे, आहाराशी आहे, रक्ताशी आहे. आणि सहसा कोणाच्या ध्यानीमनी नसते अशा आणखी एका गोष्टीशी आहे. ती म्हणजे दिवसभरात आपल्या डोळ्यांत किती प्रकाश जातो आणि कोणत्या वेळी जातो.

या विषयावर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जगभर पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातून 'प्रकाशोपचार' नावाची एक उपचारपद्धती पुढे आली. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेत आकडेमोड करणारा एक लिपिक आहे. तेव्हा औषधोपचार सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. हे शास्त्र काय म्हणते आणि आपल्या भंडारा जिल्ह्यातील माणसाला त्यातून काय घेता येईल, एवढेच साध्या भाषेत मांडावयाचे आहे.

प्रकाशोपचार म्हणजे काय?

प्रकाशाने रोग बरा करण्याची कल्पना नवी नाही. डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपयोग केला आणि त्याबद्दल त्यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही जन्मतः कावीळ झालेल्या बाळाला दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे अनेक मातांनी पाहिले असेल. परंतु या दोन्ही उपचारांत प्रकाश त्वचेवर पडतो. आपण ज्या प्रकाशोपचाराविषयी बोलत आहोत त्यात प्रकाश डोळ्यांवाटे मेंदूपर्यंत पोहोचतो, हा मुख्य फरक आहे.

या उपचारात माणूस सकाळी उठल्यावर एका खास प्रखर दिव्यापासून हातभर अंतरावर सुमारे अर्धा तास बसतो. दिव्याकडे टक लावून पाहावयाचे नसते. दिवा समोर किंवा किंचित बाजूला ठेवून वर्तमानपत्र वाचावे, चहा घ्यावा, एवढेच. या दिव्यातून अतिनील किरण गाळून टाकलेले असतात आणि डोळ्यापाशी दहा हजार लक्स इतका प्रकाश पडेल अशी त्याची रचना असते. लक्स म्हणजे काय ते पुढे येईलच.

शोधाची हकिकत

१९८० साली अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड लेवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. रात्री आपल्या मेंदूतील एका लहानशा ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचे द्रव्य पाझरते. ते शरीराला 'रात्र झाली' असा निरोप देते. रात्री माणसाला अडीच हजार लक्सच्या प्रखर प्रकाशात ठेवले तर हा पाझर थांबतो, असे लेवी यांना आढळले. तोवर माणसावर प्रकाशाचा असा परिणाम होत नसावा असा समज होता. (घरातला साधा प्रकाशदेखील झोपण्यापूर्वी तास-दोन तास अंगावर राहिला तर हा निरोप उशिरा पोहोचतो, हे पुढच्या काळात सिद्ध झाले.)

याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गहून अमेरिकेत आलेले डॉ. नॉर्मन रोझेंथाल यांना स्वतःतच एक बदल जाणवत होता. जोहान्सबर्ग हे उन्हाचे शहर. विषुववृत्तापासून ते २६ अंशांवर, म्हणजे आपल्या भंडाऱ्यासारखेच बऱ्यापैकी जवळ आहे. तेथून ते उत्तरेकडील थंड व अंधाऱ्या हिवाळ्यात आले, तेव्हा दरवर्षी त्या दिवसांत त्यांचा कामाचा उत्साह ओसरू लागला. त्यांच्याच संस्थेकडे एक अभियंता आला. आपल्या मनाचे चढउतार ऋतूंप्रमाणे होतात, याची त्याने अनेक वर्षे नोंद ठेवली होती. त्याच्यावर प्रखर प्रकाशाचा प्रयोग झाला व त्याला बरे वाटले. अशा रुग्णांचा अभ्यास करून रोझेंथाल व सहकाऱ्यांनी १९८४ साली 'ऋतुनुसार येणारे नैराश्य' हा विकार शास्त्रापुढे मांडला आणि त्यावर प्रकाश हा उपाय सुचविला. १९८७ मध्ये याच गटातील संशोधकांनी उन्हाळ्यात खिन्न होणाऱ्या रुग्णांचेही वर्णन केले. विदर्भाचा मे महिना सोसणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी.

प्रारंभी हा उपचार हिवाळी नैराश्यापुरता होता. २००५ साली अमेरिकेत जुन्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात हिवाळी नैराश्याबरोबर इतर नैराश्यातही प्रकाशाचा उपयोग होतो असे दिसले. कॅनडातील डॉ. रेमंड लॅम यांनी १२२ रुग्णांवर आठ आठवड्यांची चाचणी घेऊन २०१६ मध्ये ती प्रसिद्ध केली. हे रुग्ण ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्याचे होते. नुसत्या औषधापेक्षा औषध आणि प्रकाश यांची जोड अधिक परिणामकारक ठरली. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ मध्ये डॉ. कॅथरिन रोहन यांनी १७७ जणांवर केलेल्या अभ्यासात सहा आठवड्यांनंतर प्रकाशोपचार आणि समुपदेशन यांचा गुण सारखाच दिसला. पण दोन हिवाळे उलटल्यावर समुपदेशन घेतलेल्यांत विकार परतण्याचे प्रमाण कमी होते. म्हणजे दिवा उपयोगी आहे, पण माणसाशी बोलण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

डोळ्याचे दुसरे काम

डोळा पाहण्यासाठी आहे, हे आपण शाळेत शिकलो. परंतु डोळ्याला आणखी एक काम आहे. दिवस आहे की रात्र, याची वर्दी मेंदूला देणे हे ते काम. १९९८ ते २००२ या काळात शास्त्रज्ञांना डोळ्याच्या पडद्यात एक निराळ्या जातीच्या पेशी व त्यांतील 'मेलानॉप्सिन' हे रंगद्रव्य सापडले. या पेशी चित्र पाहत नाहीत. आकाशाच्या निळसर प्रकाशाने त्या जाग्या होतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या एका बारीकशा केंद्राला निरोप देतात. म्हणूनच काही दृष्टिहीन व्यक्तींना दिसत नसूनही त्यांच्या शरीराला दिवस-रात्र कळते.

मेंदूतील हे केंद्र म्हणजे शरीराचे मुख्य घड्याळ होय. झोप केव्हा यावी, जाग केव्हा यावी, अंगाचे तापमान केव्हा चढावे, भूक केव्हा लागावी, हे सारे त्याच्या तालावर चालते. सजीवांत असे घड्याळ असते याचा पहिला पुरावा १७२९ साली मिळाला. फ्रान्सच्या द मेरां या शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक झाड काळोखात ठेवले, तरीही ते आपल्या वेळेवर पाने उघडत-मिटत राहिले. आपल्या देशात मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेत राहणाऱ्या वटवाघळांच्या घड्याळाचा सखोल अभ्यास केला. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते, याच्या संशोधनासाठी हॉल, रोसबाश व यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आता यातील मर्म असे की माणसाचे हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचे नाही. सरासरीने ते रोज दहा-अकरा मिनिटे मागे पडते. बँकेत जसा रोजचा ताळा रोज जुळवावा लागतो, तसे हे घड्याळही रोज मिळवून घ्यावे लागते. ते मिळवण्याचे काम सकाळचा प्रकाश करतो. सकाळचा प्रकाश घड्याळ पुढे ओढतो. त्यामुळे रात्री वेळेवर झोप येते. उलट रात्री उशिरा मिळालेला प्रकाश घड्याळ आणखी मागे ढकलतो. किशोरवयात तर निसर्गतःच घड्याळ उशिराच्या बाजूला झुकलेले असते. जो मुलगा रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल पाहतो आणि सकाळी नऊपर्यंत दारे-खिडक्या लावून झोपतो, त्याच्या घड्याळाला दोन्ही बाजूंनी चुकीचा निरोप जातो. त्याला नुसते 'आळशी' म्हणून ते घड्याळ दुरुस्त होणार नाही.

लक्सचा हिशेब

एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो, ते लक्स या एककात मोजतात. एका मेणबत्तीचा एक मीटर अंतरावर पडणारा प्रकाश म्हणजे साधारण एक लक्स. पौर्णिमेचे चांदणे एक लक्सही भरत नाही. घरातील ट्यूबलाइटखाली शंभर ते दोनशे लक्स, चांगल्या कार्यालयात तीनशे ते पाचशे लक्स मिळतात. आता घराबाहेर या. ढगाळ दिवशीही एक हजारापासून दहा हजारांपर्यंत, स्वच्छ दिवशी झाडाच्या सावलीत दहा हजार व त्याहून अधिक, आणि भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो.

हा फरक आपल्या डोळ्यांना जाणवत नाही, कारण डोळ्याची बाहुली लगेच लहान-मोठी होते आणि पडदाही जुळवून घेतो. त्यामुळे ट्यूबलाइटची खोली आपल्याला 'लख्ख' वाटते. पण शरीराच्या घड्याळाच्या दृष्टीने ती संधिप्रकाशासारखीच असते.

मग खोलीत चार ट्यूब जास्त लावाव्यात का? हिशेब करून पाहू. वीस वॅटची एलईडी ट्यूब साधारण दोन हजार ल्यूमेन प्रकाश देते. दहा फूट बाय दहा फूट खोलीचे क्षेत्रफळ सुमारे सव्वानऊ चौरस मीटर. सगळा प्रकाश जमिनीवर पडला असे धरले तरी दर चौरस मीटरला दोनशेच्या आसपास, म्हणजे दोनशे लक्स होतात. दहा हजार लक्ससाठी त्या खोलीत अशा जवळपास पन्नास ट्यूब लागतील! म्हणूनच प्रकाशोपचाराचा दिवा डोळ्याच्या अगदी जवळ ठेवावा लागतो. दूर सरकले की प्रकाश झपाट्याने कमी होतो. आणि म्हणूनच दार उघडून अंगणात येणे हा त्याहून किती सोपा उपाय आहे, हेही यावरून कळते.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग स्वतः करावा. मोबाईलमध्ये लक्स मोजणारे ॲप मिळते. ते फार अचूक नसते, पण फरक कळण्यास पुरेसे आहे. खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, छपरीत आणि अंगणात असे चार ठिकाणी मोजून आकडे वहीत मांडावेत. खिडकीपासून दोन पावले आत सरकल्यावर आकडा किती घसरतो, ते पाहण्यासारखे आहे.

भंडाऱ्याचा सूर्य

आपला जिल्हा सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरातील सर्वांत लहान दिवसही जवळजवळ पावणेअकरा तासांचा असतो. सूर्य सकाळी पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी साडेपाचनंतर मावळतो. जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांच्या घरात जातो. त्याच डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांहून कमी, स्टॉकहोमचा सुमारे सहा तासांचा. आणि नॉर्वेच्या ट्रोम्सो शहरात तर नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिकावर भारताचे 'मैत्री' हे केंद्र १९८९ पासून आहे. तेथे हिवाळा काढणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांनाही सुमारे दोन महिने सूर्याविना राहावे लागते. आपल्या समाजातील मुले-मुली आता शिक्षणासाठी इंग्लंड, कॅनडा, स्वीडनकडे जाऊ लागली आहेत. पहिल्या हिवाळ्यात त्यांना उदास वाटले, सतत झोप आली, गोडधोड खावेसे वाटले, तर तो घरच्या आठवणीचाच भाग असेल असे नाही. तेथे असे दिवे दुकानात मिळतात, विद्यापीठात समुपदेशकही असतात. आई-वडिलांनी फोनवर एवढे सांगितले तरी मुलांना धीर येईल.

आणखी एक सोय आपल्या वाट्याला आली आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावरून ठरते. भंडारा त्याच्या पश्चिमेला तीन अंशांहूनही कमी अंतरावर आहे. त्यामुळे आपल्या भिंतीवरचे घड्याळ आणि आकाशातला सूर्य यांत सरासरी अकरा-बारा मिनिटांचाच फरक पडतो. मुंबईत हाच फरक अडतीस मिनिटांचा आहे. म्हणजे सूर्य आणि घड्याळ दोन्ही आपल्या बाजूने आहेत.

मग आपल्याकडे प्रकाशाची वाण कशी? उत्तर असे की सूर्य बाहेर आहे आणि आपण आत आहोत.

उजेडाच्या जिल्ह्यातील अंधार

पूर्वी रोवणी-कापणीच्या दिवसांत माणसे पहाटेपासून बांधीत असत. प्रकाशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो पोटाचा. आता कामाचे स्वरूप बदलले. तुमसर तालुक्यात चिखल्याला मॅंगनीजची भूमिगत खाण आहे. तेथे भूगर्भात उतरणारा कामगार पाळीभर टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात वावरतो. वरठीच्या पोलाद कारखान्यासारखे उद्योग रात्रंदिवस चालतात. दवाखान्यातील परिचारिका, पोलीस, रेल्वे कर्मचारी, रखवालदार यांची रात्रपाळी कधीच संपत नाही. आंधळगावसारख्या ठिकाणी कोशाच्या मागावर बसणारे विणकर आणि गावोगावी घरात विड्या वळणाऱ्या आपल्या भगिनी दिवस-दिवस कमी उजेडाच्या खोलीत घालवतात. बँकेच्या काउंटरवर बसणारा आमच्यासारखा कर्मचारी सकाळी घाईने आत शिरतो आणि दिवेलागणीला बाहेर पडतो. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी तर शहरात भाड्याच्या खोलीत किंवा पडदे लावलेल्या अभ्यासिकेत बारा-बारा तास बसतो. यांपैकी कित्येकांच्या डोळ्यांत अख्ख्या दिवसात पंधरा मिनिटेही बाहेरचा प्रकाश जात नसेल.

त्यात चार महिने पावसाळ्याचे. ढगाळ हवेत घरातला अंधार अधिकच वाढतो आणि माणसे बाहेर पडत नाहीत. परंतु वरचा हिशेब पुन्हा आठवावा. ढगाळ आकाशाखालीही ट्यूबलाइटपेक्षा दहापट-वीसपट प्रकाश असतो. पाऊस थांबलेला असताना छत्री घेऊन फिरून येणे हा वर्षावासाच्या महिन्यांतला उत्तम प्रकाशोपचार होय.

रात्रपाळीचा प्रश्न

रात्रपाळी हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगास कारणीभूत' या गटात ठेवले आहे. याने घाबरून नोकरी सोडावयाची नाही. पण घरच्यांनी हे काम किती कठीण आहे ते ओळखावे.

१९९० साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स झाइस्लर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. रात्री काम करणाऱ्यांना सात ते बारा हजार लक्स प्रकाशात ठेवले आणि दिवसा पूर्ण अंधाऱ्या खोलीत झोपविले. काही दिवसांतच त्यांचे शरीराचे घड्याळ उलटे फिरले आणि रात्रीची सावधता सुधारली. यातून रात्रपाळी करणाऱ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. कामाच्या ठिकाणी पाळीच्या पहिल्या भागात शक्य तितक्या उजेडात राहावे. आणि सलग रात्रपाळी चालू असेल तर सकाळी घरी येताना गडद चष्मा वापरून, जाड पडदे लावलेल्या खोलीत झोपावे. मात्र वाहन चालविताना डोळ्यांवर झापड येत असेल तर गडद चष्मा घालू नये; तेथे जीव आधी. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर घड्याळ पूर्ण फिरविण्याचा अट्टाहास न करता झोपेचे तास पुरे करण्यावर भर द्यावा. अशा माणसाच्या दिवसाच्या झोपेत दूरदर्शनचा आवाज, पाहुण्यांची ये-जा होऊ न देणे ही घरच्यांची जबाबदारी आहे.

काय करावे?

१. उठल्यापासून तासाभरात घराबाहेर पडावे व अर्धा तास मोकळ्या आकाशाखाली घालवावा. सूर्योदयानंतर पाऊण-एक तासाने स्वच्छ आकाशाखाली दहा हजार लक्सच्या आसपास प्रकाश असतो. दुकानातला दिवा जे देतो ते येथे फुकट मिळते. चालण्याचा व्यायाम हा त्यावरचा लाभ.

२. सूर्याकडे कधीही टक लावून पाहू नये. उगवत्या सूर्याकडेही नाही. डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते आणि ती कायमची राहू शकते. आकाशाचा पसरलेला उजेड पुरेसा असतो.

३. एप्रिल-मे-जूनमध्ये हा कार्यक्रम सात वाजण्यापूर्वीच आटोपावा. तेव्हा सूर्य साधारण साडेपाच ते सहाच्या सुमारास उगवतो. विदर्भाच्या उन्हात दुपारी प्रकाश शोधणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे होय.

४. अभ्यासाचे टेबल, विडीचे सूप, शिलाई यंत्र खिडकीपाशी किंवा दारापाशी आणावे. खिडकीपुढचे कपाट, रंगवलेली काच, जुने पोते काढावे. भिंतींना पांढरा चुना दिला तरी उजेड वाढतो.

५. दुपारच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावलीत पण बाहेर बसावे. दुपारची सुस्ती त्याने काही अंशी कमी होते.

६. झोपण्याआधी दोन-तीन तास प्रखर दिवे व मोबाईल कमी करावा. २०२२ मध्ये या विषयाच्या तज्ज्ञांनी एक मोजमाप सुचविले. घड्याळावर परिणाम करणारा प्रकाश दिवसा डोळ्यापाशी किमान २५०, झोपेआधीचे तीन तास १० हून कमी आणि झोपेत १ हून कमी असावा. आपण एवढेच ध्यानात ठेवावे: दिवस उजेडाचा, रात्र अंधाराची.

७. प्रकाश हा झोपेचा पर्याय नाही. चार तास झोपून सकाळी उजेडात बसल्याने तात्पुरते बरे वाटेल, पण झोपेचे कर्ज फिटत नाही.

येथे एक गैरसमज दूर करावा. सकाळचा प्रकाश आणि 'ड' जीवनसत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते जीवनसत्त्व सूर्याच्या अतिनील किरणांनी त्वचेत तयार होते आणि कोवळ्या उन्हात हे किरण फार थोडे असतात. त्याची कमतरता असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात.

आधी तपासणी, मग प्रकाश

थकवा आणि सुस्ती यांचे प्रत्येक कारण प्रकाशात नसते. आपल्या विदर्भात, विशेषतः आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. मूल वारंवार थकते, हातपाय दुखतात म्हणते, डोळे पिवळे दिसतात, तर त्याला आळशी न म्हणता आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्यावी. मुलींमध्ये व मातांमध्ये रक्तक्षय, चाळिशीनंतर मधुमेह, थायरॉईडचे विकार, घोरणे व झोपेत श्वास अडकणे हीही नेहमीची कारणे आहेत.

दिव्याचा उपचार घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच तो घ्यावा. डोळ्याच्या पडद्याचा विकार असलेल्यांनी आधी डोळे तपासावेत. मधुमेह आणि सिकलसेल या दोहोंतही डोळ्याचा पडदा बिघडू शकतो. काही औषधांनी शरीर प्रकाशाला जास्त संवेदनशील होते. ज्यांना कधी अति उत्साहाचे, बेभान होण्याचे झटके आले असतील, त्यांच्यात प्रखर प्रकाशाने तो झटका पुन्हा येण्याचा धोका असतो. चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करून कोणी दिव्यावर विसंबू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार आहे. तो आळस नव्हे, कमकुवतपणाही नव्हे. अशा वेळी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावा.

मोग्गल्लानाची पेंग

या विषयाच्या संदर्भात अंगुत्तर निकायाच्या सत्तक निपातातील एका सुत्ताची आठवण होते. महामोग्गल्लान मगधातील एका गावी ध्यानाला बसले असता पेंगत होते. भगवंतांनी त्यांना दोष दिला नाही. त्यांनी एकामागून एक उपाय सांगितले. विषयावरून लक्ष काढावे, ऐकलेल्या धम्माचे चिंतन करावे, त्याचे पठण करावे, कान ओढावेत व अंग चोळावे, उठून डोळ्यांना पाणी लावावे, दिशांकडे आणि ताऱ्यांकडे पाहावे, मनात प्रकाशाची म्हणजे दिवसाची जाणीव धरावी, येरझारा घालाव्यात. आणि इतके करूनही झोप जात नसेल तर उजव्या कुशीवर, जागे होण्याची वेळ मनात ठेवून, सरळ झोपावे.

यात आधुनिक प्रकाशोपचार शोधणे योग्य होणार नाही. तेथील 'आलोकसञ्ञा' ही मनात धरावयाची गोष्ट आहे, दिवा नव्हे. परंतु दृष्टी पाहण्यासारखी आहे. सुस्तीला पाप न मानता तिचे कारण शोधावे, उपाय पायरीपायरीने करावेत, आणि खरोखर झोपेची गरज असेल तर झोप घ्यावी. अनुभवाने तपासून घेण्याचा हा मार्ग आहे.

या दृष्टीने आपल्या संस्थेला काही गोष्टी सहज करता येतील. विहारालगतच्या अभ्यासिकेची टेबले भिंतीकडून खिडकीकडे वळवावीत. अभ्यासिका सकाळी सहाला उघडावी आणि रात्री जागरणाला उत्तेजन देऊ नये. सकाळच्या वंदनेनंतर विद्यार्थी व ज्येष्ठ यांनी मिळून अर्धा तास फेरी मारावी. वर्षातून एकदा सिकलसेल, रक्तक्षय आणि डोळे यांच्या तपासणीचे शिबिर घ्यावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. सूर्य रोज सकाळी आपल्या दारावर येतोच आहे. दार उघडण्याचे काम तेवढे आपले आहे.